फळ्यांवरची आगगाडी

दर शनिवारीं दुपारीं चारच्या सुमारास आमच्या नाशिकच्या बिऱ्हाडीं तिघे स्नेही येतात आणि आमच्यासह चार म्हाताऱ्यांची सभा भरते. पादत्राणें दाराशीं काढून झालीं, कीं जो तो आपल्या पिशवींतून एकेक वस्तु बाहेर काढतो. कोणी आगकाड्यांचा सिग्नल केलेला असतो, कोणी पत्र्याचें छप्पर, तर कोणी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा डबा. शेजारच्या बिऱ्हाडांतील एका चिमुरडीनें हा प्रकार पाहून आईस विचारिलें, "हे आजोबा नापास झाले का ग? अजून हस्तकला करतात!" दार उघडें असल्यामुळें तें आम्हां चौघांसहि ऐकूं आलें. कोणी हंसलें नाहीं. पण त्या दिवशीं डाख जरा वांकडा बसला.

मुलीची शंका रास्त होती. आम्हीं ३४ वर्षें शाळामास्तरकी केली. आमचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशीं थांबलें; संस्कृताचा पाया तेवढा गुरुजींच्या घरीं पहांटे पाटावर बसून घातलेला. अशा माणसानें सदुसष्टाव्या वर्षीं आगगाडीच्या चिमुकल्या प्रतिकृति करीत बसावें, हें आमच्या आप्तांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटतें. या वेडाचा उगम पुण्यास आहे. निवृत्तीपूर्वीं शाळेची सहल घेऊन आम्ही कोथरूडचें जोशी यांचें लघुरेल्वे-संग्रहालय पाहावयास गेलों होतों. कै. भाऊ जोशी यांच्या छंदांतून तें उभें राहिलें आणि १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. एका दालनांत अवघें नगर वसविलेलें. त्यांतून गाड्या धांवताहेत, सिग्नल पडताहेत, दिवे लागताहेत. खेळ संपला, मुलें बाहेर गेलीं आणि मास्तर आंतच राहिले. अखेर मुलांनींच आमची हजेरी घेतली व आम्हांस शोधून काढिलें!

आमच्या मंडळींत एकजण एकलहऱ्याच्या रेल्वे कारखान्यांतून निवृत्त झालेले फिटर आहेत. त्यांचे वडीलहि रेल्वेंत. बाळपण इगतपुरीच्या क्वार्टरांत गेलेलें. दुसरे नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यांत जन्म काढलेले. त्यांची नजर अशी, कीं केसाएवढी रेघ हलली तरी त्यांस रात्रीं झोप येत नाहीं. तिसरे पंचवटींतील डॉक्टर. चौथे आम्ही. आम्हांस यंत्रांतलें कांहीं कळत नाहीं. आमच्याकडे हिशेब, नोंदवही आणि चहा हीं खातीं आहेत. खरें म्हणजे चहाचें खातें सौभाग्यवतीचें. आम्ही केवळ त्याचे दुय्यम चिटणीस.

या कलेचा सगळा प्राण 'प्रमाण' या एका शब्दांत आहे. आम्हीं धरलेलें प्रमाण १ : ८७. म्हणजे खऱ्या वस्तूच्या सत्याऐंशीव्या हिश्शाएवढी प्रतिकृति. साडेपांच फूट उंचीचा गृहस्थ या जगांत १९ मिलिमीटरांचा होतो आणि रेल्वेचा सत्तर फुटी डबा सुमारें साडेचोवीस सेंटिमीटरांचा. येथवर सारें सुरळीत आहे. परंतु पुढें एक पेंच येतो. बाजारांत या प्रमाणाचे जे रूळ मिळतात, त्यांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. साडेसोळास सत्याऐंशींनीं गुणिलें, तर १४३५ मिलिमीटर येतात. आणि तें युरोपांतील रुळांचें अंतर आहे. आपली मोठी गाडी चालते १६७६ मिलिमीटरांवर, म्हणजे साडेपांच फुटांवर. तेव्हां आपल्या गाडीस खरोखर सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे रूळ हवेत. हे पावणेतीन मिलिमीटर कोठून आणावयाचे?

या प्रश्नावर आमचे तीन शनिवार गेले. नोटवाले म्हणाले, "चुकीच्या रुळांवर बरोबर डबा चालवणं म्हणजे खोट्या कागदावर खरी नोट छापणं आहे." त्यांच्या मतें रूळ हातानें करावे. डॉक्टरांनीं स्वतःच्या डोळ्यांतील मोतीबिंदूचें प्रमाण सांगून त्यास नकार दिला. फिटरसाहेब उशिरां बोलले. "अहो, दुरून पावणेतीन मिलिमीटर दिसत नाहीत. जवळून दिसतात, तेव्हां जवळून बघणाऱ्याला चहा द्यायचा." ठराव संमत झाला. व्याकरणशास्त्रज्ञांस अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात. आम्हीं पावणेतीन मिलिमीटर सोडून दिले आणि आम्हांसहि तितकाच आनंद झाला.

करावयाचा होता थळघाट, म्हणजे लोक ज्यास कसारा घाट म्हणतात तो. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हें शाळेंतील पोरहि सांगतें. परंतु पुढें सह्याद्रीची भिंत उभी होती. ती ओलांडून कसारा ते इगतपुरी ही चढण १८६५ च्या आरंभीं खुली झाली, तेव्हां मुंबई आणि नाशिक रुळांनीं जोडलीं गेलीं. येथें चढ ३७ स एक, म्हणजे ३७ हात चालावें तेव्हां एक हात वर जावें. आमच्या खोलीची लांब भिंत १२ फुटांची. त्या हिशेबानें एका भिंतींत गाडी जेमतेम १० सेंटिमीटर चढते. खरा घाट सुमारें १५ किलोमीटरांचा. सत्याऐंशींनीं भागिला तरी पावणेदोनशें मीटर लांब भरतो. म्हणून वळणें घ्यावीं लागलीं, बोगदे कमी करावे लागले, आणि पहिली अडचण अशी आली, कीं गाडी चढेना.

फिटरसाहेबांस त्याचें नवल वाटलें नाहीं. खऱ्या घाटांतहि गाडी एकट्या इंजिनाच्या बळावर चढत नसे. कसाऱ्यास मागच्या बाजूनें आणखी इंजिनें लावीत. तीं गाडी ढकलीत इगतपुरीपर्यंत नेत आणि तेथें सुटत. रेल्वेच्या बोलींत त्यांस 'बँकर' म्हणतात. आम्हींहि मागून एक इंजिन जोडलें आणि गाडी चढली. तें मागचें इंजिन म्हणजे नोटवाल्यांनीं कागद कापून केलेला 'खेकडा'. १९२८ च्या सुमारास स्वित्झर्लंडहून आलेलें हें विजेचें इंजिन मध्यें कौलारू घरासारखें उंच आणि दोन्ही बाजूंस लांब नाकाडें असें होतें. चालतांना तें विलक्षण आवाज करी. त्यामुळें रेल्वेच्या लोकांनीं त्याचें खेकडा असें नांव पाडिलें. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत त्यांपैकीं एक जपून ठेविलें आहे. फिटरसाहेबांनीं बाळपणीं इगतपुरीस तीं चालतांना पाहिलेलीं. कागदाचा खेकडा हातीं घेऊन ते म्हणाले, "सगळं जमलंय. फक्त हा कण्हत नाही."

घरांतील वस्तूंवर या उद्योगाचा भार पडला, हें कबूल केलें पाहिजे. घाटाची माती म्हणजे चहाचा वाळविलेला चोथा. झाडें म्हणजे वाळल्या घोसाळ्याची जाळी, हिरव्या रंगांत बुडविलेली. नदीच्या वाळूसाठीं रवा वापरून पाहिला, तेव्हां मुंग्यांनीं तीन दिवसांत गोदावरी उपसून नेली. सौभाग्यवतीनें पिठाची बारीक चाळण एक महिना शोधिली. ती आमच्या खडीच्या ढिगाखालीं सांपडली, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "स्टेशन बांधा, पण पोळ्यांवर बांधूं नका."

या सभेंत आम्ही बोलतों काय, असें पुष्कळजण विचारतात. रुळांविषयींच बोलतों. परंतु आम्हां लोकांची एक खोड आहे. घरचें दुःख सरळ सांगणें आमच्या पिढीच्या पुरुषांस शिकविलेलें नाहीं. ज्या दिवशीं डॉक्टर अमेरिकेंतील मुलाच्या फोनाविषयीं बोलणार असतात, त्या दिवशीं ते आधीं सिग्नलाच्या तारेविषयीं विचारतात. "तार तुटली नसेल, तरी दिवा का लागत नाही हो?" मग आम्हांस समजतें. नोटवाल्यांचा वाडा पाडून इमारत होणार, हें आम्हांस असें कळलें, कीं त्यांनीं जुन्या वाड्याची एक प्रतिकृति करावयास घेतली आणि तिच्या जिन्याच्या पायऱ्या चारदां मोजल्या. आणि फिटरसाहेब! त्यांची पत्नी श्रावणांत गेली. त्यानंतर चार महिने ते दर शनिवारीं येत, डाख लावीत, आणि "सरस द्या" याहून अधिक बोलत नसत. आम्हींहि विचारिलें नाहीं. आम्ही सरस देत होतों.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगतों. ती सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचें बिऱ्हाड तीन खोल्यांचें. स्वयंपाकघर, बसावयाची खोली आणि ही तिसरी, जींत घाट उभा होता. आमची वडील बहीण, आक्का, अहिल्यानगरास दिलेली. आई गेली तेव्हां आम्ही नऊ वर्षांचे आणि आक्का सोळांची. आम्हांस तिनें वाढविलें. मॅट्रिकच्या फॉर्मचे पैसे भरावयाचे होते, त्या वर्षीं दिवाळींत ती माहेरीं आली. भाऊबिजेस तिच्या ताटांत घालावयास आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. तिनेंच ताटाखालून फीचे पैसे काढून आमच्या मुठींत ठेविले आणि म्हणाली, "ओवाळणी पास झाल्यावर दे." आम्ही पास झालों. ओवाळणी काय घातली, तें आतां आठवत नाहीं.

आक्काचे यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले. मुलगा नोकरीसाठीं परदेशीं. गेल्या ज्येष्ठांत ती न्हाणींत पडली आणि उजवें मनगट मोडलें. त्याच रात्रीं सौभाग्यवती म्हणाली, "वन्संना इकडे आणायचं. कायमचंच. खोली रिकामी करा."

आम्ही म्हणालों, "आणूं या कीं. घाटाचें प्लास्टर तेवढें वाळूं दे."

प्लास्टर वाळलें. मग तारा जोडावयाच्या राहिल्या होत्या. मग डॉक्टर बाहेरगांवीं होते. मग पाऊस फार होता आणि म्हातारीस प्रवास नको. सौभाग्यवती दुसऱ्यांदा बोलली नाहीं. ती रोज सायंकाळीं आक्कास फोन करी आणि शेवटीं तो आमच्या हातीं देई. आक्का म्हणे, "बाळू, माझी घाई करूं नकोस रे. शेजारची पोर स्वयंपाक करून देते. तुझं काम होऊं दे." कोणतें काम, हें तिला ठाऊक नव्हतें. खोलींत पुष्कळ पसारा मांडून आम्ही कांहीं मोठें काम करीत आहोंत, एवढें तिच्या कानीं गेलें होतें. एके दिवशीं ती म्हणाली, "ग्रंथ कुठवर आला?" तिच्या समजुतीनें आम्ही ग्रंथ लिहीत होतों! आम्ही म्हणालों, "होत आला." तो शब्द उच्चारला तेव्हां सौभाग्यवती समोर निरांजनाच्या वाती वळीत बसली होती. तिनें वर पाहिलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शनिवार होता. आमच्या खोडीप्रमाणें आम्हीं आडूनच विषय काढिला. म्हटलें, हा घाट हलवावयाचा झाल्यास कसें करावें? नोटवाल्यांनीं चष्मा पुसला. डॉक्टर म्हणाले, "हलवायचा? का?" तेव्हां सगळें सांगणें भाग पडलें. ग्रंथाचेंहि सांगितलें.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग फिटरसाहेबांनीं विचारिलें, "मास्तर, प्लास्टर किती दिवसांत वाळतं?"

"एका दिवसांत," आम्ही म्हणालों.

"आमच्या हिला इगतपुरीचं जुनं क्वार्टर बघायचं होतं," ते म्हणाले. "लग्न होऊन ती तिथंच आली होती. चैत्रापासून म्हणत होती. तासाभराचा रस्ता. मी म्हटलं, हातांतली बोगी होऊं दे, मग जाऊं." त्यांनीं हातांतला डबा उलटा करून त्याचीं चाकें बोटानें फिरविलीं. "बोगी झाली. फार सुरेख झाली. तुम्ही सगळ्यांनीं वाखाणली." मग डबा खालीं ठेवून म्हणाले, "करवत कुठं आहे?"

अशा रुळांची फळी कापणें हें दिसतें तितकें सोपें नाहीं. रूळ जेथें तुटतात, तेथें पुन्हां जोडतांना केसाचाहि फरक चालत नाहीं. नाहींतर चाक उतरतें. जगांत इतरत्र जे शौकीन लहान घरांत राहतात, ते आपला सगळा पसारा पहिल्यापासूनच सुट्या फळ्यांवर बांधतात. दोन फळ्या नट-बोल्टांनीं एकत्र आवळतात आणि रूळ नेमके समोरासमोर यावे म्हणून पितळेच्या खुंट्या बसवितात. आम्हीं हें आधीं करावयास हवें होतें. तें न करितां, खोली जन्मभर आपलीच राहणार, अशा बेतानें भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग बांधिलें होतें. त्या सायंकाळीं फिटरसाहेबांनीं घाटाचे चार भाग केले. प्रत्येक रुळाखालीं आधीं पितळेची पट्टी डाखून मग करवत घातली. आम्ही फळी धरून उभे होतों. चहाची माती पायांवर पडत होती. सौभाग्यवती दारांत आली, तिनें तें पाहिलें, आणि कांहीं न बोलतां आंत जाऊन कांदेपोह्यांची कढई चढविली. नोटवाल्यांनीं चारहि फळ्यांवर अंक घातले. एक फळी एकेकाच्या घरीं गेली, आमची पलंगाखालीं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं कोणा एकाच्या घरीं चारहि जोडावयाच्या, असें ठरलें.

नवरात्रापूर्वीं आक्का आली. खोलींत खिडकीशीं तिची खाट, उशाशीं देव आणि पोथी. सामान लावून झाल्यावर तिनें विचारिलें, "ग्रंथ कुठाय?" आम्हीं पलंगाखालून फळी ओढून तिच्यापुढें ठेविली आणि खरें तें सांगितलें. चौतीस वर्षें मुलांकडून कबुलीजबाब घेतले. देण्याचा प्रसंग हा पहिलाच. तिनें चष्मा लाविला. बोगद्यांत बोट घालून पाहिलें. स्टेशनावरील माणसें एकेक करून पाहिलीं. नंतर म्हणाली, "यांत बायका नाहीत."

खरेंच नव्हत्या. चार पुरुषांनीं तीन वर्षें खपून सबंध इगतपुरी स्टेशन वसविलें; फलाटावर हमाल होते, मास्तर होते, चहावाला होता, एकहि बाई नव्हती. कोणाच्या ध्यानींहि आलें नव्हतें.

आक्कानें निरांजनासाठीं वळलेल्या कापसाच्या वाती घेतल्या. वातीस पीळ देऊन, वर चोळीच्या खणाचा तुकडा सरसानें चिकटवून तिनें नऊवारींतील बाई केली. साडेसतरा मिलिमीटरांची, आमच्या प्रमाणांत अगदीं पांच फुटी. मनगट अजून दुखतें, तरी डॉक्टर म्हणतात बोटांस हा व्यायाम चांगला. आतां फलाटावर अकरा बायका आहेत. एकीच्या काखेंत मूल आहे. फिटरसाहेबांनीं त्यांपैकीं एक मागून घेतली आणि आपल्या फळीवरील क्वार्टराच्या दारांत उभी केली. आम्हीं कांहीं विचारिलें नाहीं. सरस दिला.

सध्यां आमच्यापुढें नवें काम आहे तें नाशिकच्या ट्रामचें. पुष्कळ नाशिककरांसहि ठाऊक नसतें, कीं आपल्या गांवांत एके काळीं घोड्यांची ट्राम होती. रेल्वे गांवापासून दोन कोसांहून अधिक दूर, नाशिकरोडवरून गेली. यात्रेकरूंस गांवांत आणावें कसें, हा प्रश्न होता. १८८९ सालीं ही अरुंद रुळांची ट्राम सुरू झाली आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. घोडे दोन करावे कीं चार, यावर मंडळींत वाद माजला असतां आंतून आक्काचा आवाज आला, "चार! आजोबा सांगायचे. दोन डबे आणि चार घोडे." आजोबा लहानपणीं तींत बसलेले. हें आक्कास सांगितलें, तेव्हां आम्ही तिच्या मांडीवर झोपीं गेलों असलों पाहिजे. आतां शनिवारच्या सभेस पांचवें आसन मांडितों.

परवांच्या रविवारीं आमच्या घरीं चारहि फळ्या जोडल्या. गाडी कसाऱ्याहून निघाली, मागून खेकडा लागला, बोगदे गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फळीच्या सांध्यावर डबे खडखडले आणि एक जवळजवळ उतरला. सांधा अजून अर्धा मिलिमीटर चुकतो.

आक्का म्हणाली, "बाळू, इथं गाडी दचकते रे."

आम्ही म्हणालों, "होय. तेथें करवत चालली."

"मग तिथं हळू ने," ती म्हणाली.